मनगटावरचा मुकादम



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटापुढे एक प्रस्ताव आला. एका कंपनीच्या सामाजिक निधीतून वस्तीतल्या दोनशे बायांना फुकट फिटनेस बँड वाटायचे. बाईनं तो पट्टा दिवसरात्र मनगटावर घालायचा. तो तिची पावलं मोजणार, नाडीचे ठोके मोजणार, झोप मोजणार, पाळीची तारीख लक्षात ठेवणार. प्रकल्पाच्या कार्यालयातल्या पडद्यावर दोनशे बायांचे आकडे रोजच्या रोज दिसणार. आमचं काम एवढंच, की बाया गोळा करायच्या आणि पट्टा फोनला कसा जोडायचा ते शिकवायचं. दोन संध्याकाळ आमच्यात वाद झाला. शेवटी आम्ही ‘नाही’ म्हटलं.

त्यावर चळवळीतल्याच काही जणींनी आम्हाला नावं ठेवली. ‘तुम्हाला विज्ञानाचं वावडं आहे.’ ‘कॉलनीतल्या बाईनं घातला तर चालतो, वस्तीतल्या बाईनं घातला की लगेच शोषण कसं?’ ‘बायका स्वतःच्या तब्येतीकडे पाहत नाहीत म्हणून आपणच ओरडतो, मग आयतं साधन आलं तर नाकारता का?’ प्रश्न वाजवी आहेत. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

आधी हे यंत्र काम कसं करतं ते पाहू, कारण सगळं राजकारण तिथेच दडलेलं आहे. पट्ट्यात हालचाल टिपणारा एक बारीक भाग असतो. हात हलतो त्या लयीवरून तो पावलं मोजतो. मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकतो. कातडीखालच्या रक्तावर पडून परत येणारा उजेड प्रत्येक ठोक्यागणिक कमीजास्त होतो, त्यावरून नाडी कळते. इथवर सगळं बाईच्या मनगटावरच घडतं आणि बऱ्याच पट्ट्यांत काही दिवसांची नोंद सहज मावते. पुढची पायरी म्हणजे ‘सिंक’. पट्टा ब्लूटूथवरून काही मीटरवरच्या फोनला नोंद देतो. फोनमधलं ॲप ती वाय-फायवरून किंवा मोबाईलच्या डेटावरून कंपनीच्या संगणकाकडे धाडतं. काही महाग घड्याळांत वाय-फाय किंवा सिम घड्याळातच असतं, त्यांना फोनचीही गरज पडत नाही. तिकडून ते आकडे रंगीत आलेख होऊन बाईकडे परत येतात.

सिंक म्हटलं की आपल्याला भांडी घासायची मोरी आठवते. तीच आठवण ठेवावी, कारण इथेही प्रश्न एकच आहे: वाहून जातं ते कुठे जातं?

पावलं पट्ट्यानं आधीच मोजलेली असतात. ती मोजण्यासाठी दूरदेशीच्या संगणकाची गरज नसते. गॅजेटब्रिज नावाचं एक मुक्त ॲप आहे. ते अनेक कंपन्यांच्या पट्ट्यांची नोंद फोनमध्येच ठेवतं, कंपनीकडे पाठवत नाही. म्हणजे असं करता येतं. तरीही बाजारातला नेहमीचा पट्टा हाती घेतला की आधी खातं उघडा, जन्मतारीख सांगा, उंची-वजन सांगा, बाई की पुरुष ते सांगा. अँड्रॉइड फोनांच्या २०१५ ते २०२० या वर्षांतल्या आवृत्त्यांवर तर ब्लूटूथनं पट्टा शोधायचा असेल तर ठावठिकाणा कळवण्याची परवानगीही द्यावी लागे. २०२१ च्या आवृत्तीत ती अट वेगळी झाली, पण वस्तीत अजून जुनेच फोन फिरताहेत. शरीराची नोंद बाहेर जाणं ही विज्ञानाची गरज नाही. तो धंद्याचा निर्णय आहे. आमचा विरोध त्या निर्णयाला आहे, नाडी मोजण्याला नाही.

ही नोंद बाहेर गेल्यावर कोणाच्या हाती पडते? आम्हाला तीन मालक दिसतात.

पहिला मालक घरातला. वस्तीतल्या किती बायांकडे स्वतःचा, फक्त स्वतःचा स्मार्टफोन आहे? फोन नवऱ्याचा, नाहीतर मुलाचा. मग पट्टा बाईच्या मनगटावर आणि जोडणी नवऱ्याच्या फोनला. आमच्या केंद्रावर एक जण आली होती. लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्यानं हौसेनं पट्टा आणून दिला होता. पहिला महिना कौतुकात गेला. मग रात्री जेवताना चौकशी सुरू झाली. दुपारी दोनला ठोके कशानं वाढले होते? घरीच होतीस तर तीन हजार पावलं कुठे चाललीस? पहाटे चारपर्यंत जागी होतीस, कोणाचा विचार चालला होता? तिनं पट्टा काढून ठेवला, तर ‘लपवण्यासारखं काय आहे?’ हा प्रश्न आला. ती आमच्याकडे आली तेव्हा मार सुरू झाला होता. पूर्वी असा नवरा शेजारणीला विचारायचा, पोराला विचारायचा. आता त्याला बायकोच्या शरीरालाच परस्पर विचारता येतं. शेजारीण कधीतरी बाईची बाजू घ्यायची. पट्टा घेत नाही.

दुसरा मालक कामावरचा. आपल्याकडे सफाई कामगारांवर देखरेख करणाऱ्याला मुकादम म्हणतात, ऊसतोडीच्या टोळीवरही मुकादमच असतो. नागपूर महापालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. चंदीगड आणि पंचकुला इथेही २०२० च्या सुमारास तेच झालं. ही घड्याळं तब्येतीसाठी नव्हती, पण यंत्राची जात एकच: मनगटावर बांधायचं आणि बिनतारी जाळ्यातून नोंद वर पाठवायची. नेमून दिलेल्या हद्दीबाहेर कामगार गेला की पडद्यावर दिसतं आणि त्याचा हिशेब हजेरीशी, पगाराशी लागतो. पंचकुलातल्या कामगार बायांना घड्याळातल्या कॅमेऱ्याची धास्ती वाटत होती, लघवीला जातानाही आपल्याला कोणी पाहतंय का या शंकेनं त्या हैराण होत्या. कामगारांनी निदर्शनं केली. झाडू हातात कोणाच्या जातीनं दिला हे आपल्याला ठाऊक आहे. त्या हाताला घड्याळ बांधताना कोणा अधिकाऱ्यानं आधी स्वतःच्या मनगटाला ते बांधून पाहिलं होतं काय?

आणि ऊसतोडीचा मुकादम आठवा. एक दिवस कामावर आलं नाही की खाडा आणि खाड्याला दंड. पाळीतली दुखणी काढायला सवड नाही, म्हणून बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशयं काढून टाकल्याचं २०१९ साली उघड झालं, विधिमंडळात गाजलं, चौकशी समिती नेमली गेली. त्या मुकादमाच्या हाती पाळीची तारीख सांगणारं यंत्र दिलं तर तो त्या तारखेचं काय करेल? बाईला त्या दिवशी विश्रांती देईल, की पुढच्या हंगामाची उचल देतानाच तिचं नाव गाळेल?

तिसरा मालक म्हणजे कंपनी. तिला आपण कधी पाहत नाही आणि ती सगळं पाहते. २०११ साली फिटबिट वापरणाऱ्या काही जणांनी व्यायामाच्या नोंदीत लैंगिक संबंधांचीही नोंद केली होती. खाती मुळातच सर्वांना दिसतील अशी ठेवलेली असल्यामुळे ती नोंद, किती मिनिटं यासकट, गूगलच्या शोधात येऊ लागली. बोंब झाल्यावर कंपनीनं ती झाकली. पुढे ती कंपनीच गूगलनं विकत घेतली. सौदा २०१९ मध्ये जाहीर झाला आणि २०२१ च्या जानेवारीत पुरा झाला. युरोपीय आयोगानं अट घातली, की युरोपातल्या लोकांच्या शरीराची ही माहिती दहा वर्षं जाहिरातींसाठी वापरायची नाही. ज्यांनी फिटबिटला माहिती दिली होती, त्यांनी ती गूगलला दिली नव्हती. पण कंपनी विकली जाते तेव्हा आपण दिलेलं शरीरही सामानासकट विकलं जातं.

पाळीची नोंद ठेवणाऱ्या फ्लो या ॲपचंही असंच. त्यातली माहिती फेसबुकपर्यंत पोचत असल्याचं २०१९ साली एका अमेरिकी वर्तमानपत्रानं छापलं. २०२१ मध्ये तिथल्या व्यापार आयोगासमोर त्या कंपनीला तडजोड करावी लागली. मग जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण काढून घेतलं. रातोरात तिथल्या बाया आपल्या फोनमधून पाळीची ॲप पुसू लागल्या. कालपर्यंत जी सोय होती ती आज आपल्याविरुद्धचा पुरावा होऊ शकेल, ही भीती त्यांना वाटली. आपल्याकडे गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली गोपनीयतेचं कलम घातलं गेलं. बाईचं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण गर्भ राहिल्यावर विश्रांतीच्या वेळचे ठोकेही वाढतात, आणि ते वाढलेले ठोके डॉक्टरच्याही आधी पट्ट्याला कळू शकतात. डॉक्टरच्या तोंडाला कुलूप घालायचं आणि मनगटावरचं दार सताड उघडं ठेवायचं, अशी ही गोपनीयता आहे.

‘कायदा आहे ना’ असं कोणी म्हणेल. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणाचा हक्क मूलभूत मानला. तो आपला विजय होता. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, त्याचे नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. या कायद्यात संमतीची भाषा भरपूर आहे. पण त्याच्या सातव्या कलमात, संमतीशिवाय माहिती वापरता येईल अशा कारणांच्या यादीत, ‘नोकरीच्या प्रयोजनासाठी’ हे कारण बसवलं आहे. २०११ च्या जुन्या नियमांत आरोग्याच्या माहितीला निदान ‘संवेदनशील’ असं वेगळं नाव होतं. नव्या कायद्यात तो भेदही उरला नाही. किराण्याची यादी आणि पाळीची तारीख एकाच तराजूत! मालक-मजूर नात्यात बाईला जिथे सर्वांत जास्त संरक्षण हवं, नेमकं तिथेच कायद्यानं मालकाला खिडकी उघडून दिली आहे.

आता ‘विज्ञानाचं वावडं’ या आरोपाकडे येते. हा आरोप आपल्याला नवा नाही. १९८६ साली नेट-एन या इंजेक्शनाविरुद्ध स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या तेव्हाही तो झाला होता. नॉरप्लांटच्या वेळीही झाला. दंडाच्या कातडीखाली सहा नळ्या बसवायच्या, पाच वर्षं काळजी नको, असं ते साधन होतं. आपण तेव्हा काय विचारत होतो? गर्भनिरोधन नको असं आपण कधीच म्हटलं नाही. आपण विचारत होतो: त्रास झाला तर बाईला ते स्वतःच्या हातानं काढता येईल का? डॉक्टर काढून द्यायला नाही म्हणाला तर? साधनाचं नियंत्रण बाईकडे आहे की ते देणाऱ्याकडे? तीच कसोटी आज मनगटावरच्या पट्ट्याला लावा. वरवर पाहता पट्टा काढणं सोपं आहे, बक्कल सोडलं की झालं. पण पट्टा काढल्यावर हजेरी बुडत असेल, विम्याचा हप्ता वाढत असेल, नवऱ्याचा हात उठत असेल, तर ते बक्कल कातडीखालच्या नळ्यांइतकंच पक्कं असतं.

विम्याचं हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात सरकारी नोकरांच्या आरोग्य विम्यात एक योजना आणली गेली. शिक्षकांनी ॲप घ्यायचं, पावलांची आणि तब्येतीची नोंद द्यायची, वर्षाला ठरलेले गुण मिळवायचे. गुण कमी पडले तर महिन्याला २५ डॉलर जास्तीचे भरायचे. पगार आधीच तुटपुंजे, विम्याचे हप्ते वाढत चाललेले. त्यात ही मनगटाची हजेरी! २०१८ च्या फेब्रुवारीत राज्यातल्या सर्व ५५ परगण्यांतल्या शाळा बंद पडल्या. संपात बहुसंख्य बाया होत्या, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या आणि बस चालवणाऱ्याही त्यात होत्या. १९२१ साली त्याच राज्यातल्या कोळसा कामगारांनी लढताना गळ्यात लाल रुमाल बांधले होते. या शिक्षिकांनी तेच रुमाल पुन्हा बांधले. शाळेचे नऊ दिवस संप चालला. पाच टक्के पगारवाढ मिळाली आणि पट्ट्याची ती योजना सरकारला गुंडाळावी लागली. संपाचं मुख्य कारण पगार आणि विमा हेच होतं. पण अपमान कोणता झोंबला, हे त्या बायांना बरोबर ठाऊक होतं.

आपल्याकडे विमा नियामकानं २०२० साली निरोगी राहणीबद्दल ग्राहकाला बक्षीस-गुण आणि सवलती देण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पावलं मोजून हप्त्यात सूट, अशा योजना आल्या आहेत. आज ती सूट आहे. उद्या सर्वांनी पट्टा घातला, की न घालणारीला तीच सूट दंड म्हणून भरावी लागेल. वेस्ट व्हर्जिनियात तो टप्पा येऊन गेला.

आणि हे यंत्र मोजतं तरी काय? दिवसाला दहा हजार पावलं हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये एका पावलं मोजणाऱ्या यंत्राचं नावच ‘दहा हजार पावलं’ अशा अर्थाचं ठेवलं गेलं, त्या जाहिरातीतून तो जगभर पसरला. डोक्यावर हंडा धरून बाई चालते तेव्हा तिचा हात हलत नाही, म्हणून ती पावलं धड मोजली जात नाहीत. कडेवर मूल असतानाही तेच. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. हे २९९ मिनिटांचं काम देशाच्या उत्पन्नात धरलं जात नाही, म्हणून आपण वर्षानुवर्षं भांडतो आहोत. आता पट्टाही तिला सांगणार, ‘आज तुमची हालचाल कमी झाली!’ भल्या पहाटे नळावर रांग लावणाऱ्या बाईला तिची झोप कमी पडते हे कळायला पट्टा लागत नाही. तिला पाणी लागतं. आमच्या वस्तीतल्या बायांना रक्त कमी आहे. त्यावर लोहाच्या गोळ्या, पोटभर जेवण आणि वेळेवर उघडणारा दवाखाना हवा. हे द्यायला खर्च येतो. पट्टा वाटायला तितका येत नाही, आणि वर दोनशे बायांच्या शरीरांची नोंद हाती येते.

पट्ट्यानं कोणाचंच भलं होत नाही असं मी म्हणत नाही. हृदयाचे ठोके बिघडल्याचं वेळेवर कळून एखादी बाई वाचूही शकते. जिला स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या फोनला जोडून, स्वतःसाठी पट्टा घालायचा आहे, तिनं जरूर घालावा. प्रश्न तिच्या मनगटाचा नाही. आपण संघटना म्हणून दोनशे बायांचा विश्वास गोळा करतो आणि तो कोणाच्या हवाली करतो, हा आहे. त्या बाया कंपनीचा करार वाचून सही करणार नव्हत्या. ताई सांगतात म्हणून अंगठा देणार होत्या.

म्हणून असा प्रस्ताव ज्या गटांपुढे येईल त्यांनी निदान पाच गोष्टी लेखी मागाव्यात. एक, खातं बाईच्याच नावाचं आणि जोडणी तिच्याच फोनला. स्वतःचा फोन नसेल तर पट्टा नाही. दोन, नोंद तिच्या फोनमध्येच राहील, बाहेर पाठवायची असेल तर दर वेळी तिला मराठीत विचारून. तीन, हजेरी, पगार, विमा, कर्ज यांच्याशी तिचा काडीचा संबंध नसेल, आणि पाळी-गर्भाची नोंद मुळात घेतलीच जाणार नाही. चार, पट्टा काढून ठेवणाऱ्या बाईचं कोणतंही नुकसान होणार नाही. पाच, मागेल तेव्हा तिची सगळी नोंद पुसली जाईल आणि कंपनी विकली गेली तर नव्या मालकाला ती मिळणार नाही. आम्ही याच पाच अटी ठेवल्या होत्या. कंपनीच्या माणसांनी चहा घेतला, विचार करून कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही. पट्टे आरोग्यासाठी होते की नोंदीसाठी, याचं उत्तर आम्हाला त्यातच मिळालं.

कामगार संघटनांमधल्या भगिनींना वेगळं सांगणं आहे. मनगटावरचं घड्याळ हा पगार आणि रजेइतकाच वाटाघाटीचा विषय आहे. नोकरीचं कारण पुढे करून संमती टाळण्याची सोय कायद्यातून काढून टाका, ही मागणी आपल्या मागणीपत्रात आली पाहिजे. सफाई कामगार, आशा, अंगणवाडी सेविका यांच्या सभांत हा प्रश्न मांडा. २०२१ साली याच महाराष्ट्रात अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट मोबाईल आणि इंग्रजीतलं ॲप यांच्याविरुद्ध सरकारचे फोन सरकारला परत केले होते. यंत्र परत करता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं आहे.

आमच्या गटात आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाया एकमेकींची नाडी मोजतात. दोन बोटं मनगटावर, समोर भिंतीवरचं घड्याळ, आणि मोजायचं. रक्तदाबाचं यंत्र वर्गणीतून घेतलं आहे. आकडे ज्या त्या बाईच्या वहीत लिहिले जातात आणि ती वही तिच्या घरी जाते. ज्यांच्या घरी वही उघडली जाण्याची भीती आहे, त्यांची वही केंद्रावरच्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली बायांकडेच असते. परवा त्या केंद्रावर आलेल्या बाईनं स्वतःची नाडी मोजली. ब्याऐंशी. तिनं आकडा वहीत लिहिला, वही कपाटात ठेवली आणि घरी गेली. त्या रात्री जेवताना तिला त्या आकड्याबद्दल कोणी काही विचारलं नाही.